मारोती काही बोलेना

बाबूसिंगचा बोकड चोरीला गेला आणि त्यानं नाव घेतलं ते मारोतीचं, ज्याच्या मांडीला मांडी लावून तो आयुष्यभर जेवला त्या शेजाऱ्याचं. दारव्हा तालुक्यातल्या त्या छोट्या पोलीस ठाण्यात त्याच दिवशी डॉ. कहकशां आल्या होत्या. चौकशीत माणसाला बोलतं कसं करावं, हे पोलिसांना शिकवणाऱ्या त्या मानसतज्ज्ञ.

"दोन रट्टे द्या, बोलते आपोआप," समोर आणून बसवलेल्या मारोतीकडे पाहत ठाणेदार म्हणाले.

"रट्ट्यानं माणूस तुम्हाला हवं ते बोलतो, साहेब. खरं ऐकायचं तर एक मोकळा प्रश्न विचारायचा आणि गप्प बसायचं. शांतता कुणाला सोसत नाही."

तक्रारदाराला बाहेर बसवा, असं त्यांनी सुचवलं. पण बाहेर ऊन मरणाचं आणि ठाण्यात खोली एकच. त्यामुळे बाबूसिंग आणि त्याची बायको धनीबाई बाकावरच राहिले.

"मारोतीभाऊ, काल रात्रीपासून काय काय झालं, ते तुमच्या शब्दांत सांगा. घाई नाही."

मारोतीनं मान हलवली, हात हलवले आणि छताकडे पाहिलं. कहकशां गप्प. सगळेच गप्प. फक्त पंखा कुरकुरत होता.

पहिला फुटला हवालदार संघदीप. "साहेब, सोमवारी माही आजी वारली नव्हती. म्या कबड्डी पाहाले गेलतो."

ठाणेदार उसळले, पण कहकशांनी ओठांवर बोट ठेवलं. ठाणेदार बसले. थोड्या वेळानं तेच कपाकडे बघत पुटपुटले. "मॅडम, तुमच्या चहात माशी पडलती. म्या काढून तसाच देल्ला."

कहकशांनी कप दूर सारला.

तेवढ्यात बाबूसिंग ताडकन उठला. "बोकड चोरीले नाही गेला! म्याच दार लावाले विसरलो. हिच्या भेवानं चोरी म्हनलं. हिनं इचारलं, कोन चोर? तं तोंडात मारोतीचंच नाव आलं. दुसऱ्या कोनाचं येतेच कुठं!"

मारोतीचे डोळे भरून आले. तो एकदम उठला आणि दाराबाहेर पळाला.

"पकडा त्याले!" ठाणेदार ओरडले.

कुंपणापाशी मारोतीनं लांबलचक पिचकारी टाकली आणि तोंड पुसत परत आला. "बोकड माह्या गोठ्यात हाय. पहाटंच आला. सांगाले निघालो, तं तुमची गाडी आली. बोलू कसा? तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा, अन् भिंतीवर लिवलं हाय, थुंकल्यास दंड!"

"मंग गिळाचा होता!" बाबूसिंग रडवेला झाला.

"ताजा घोटलेला होता ना बे!"

कहकशांनी वही मिटली. त्या खळखळून हसत होत्या. धनीबाईनं पदर खोचला. "चाला भाऊजी, बोकड सोडा. अन् जेवूनच जा." नवऱ्याकडे तिनं पाहिलंही नाही.

फाटकापाशी बाबूसिंग हात जोडू लागला. मारोतीनं खिशातून पुडी काढली आणि अर्धा खर्रा त्याच्या तळहातावर ठेवला. मग दोघं धनीबाईमागं गावाच्या वाटेला लागले, गाल फुगवून, एक अक्षर न बोलता.