अकराशे ठोकळ्यांचं इंजिन आणि एक हँडल

“लिहा, राजपालराव,” अच्युतराव म्हणाले. “बिदरपासून कलबुर्गीपर्यंतच्या मुलखात ज्याच्या नजरेतून मुंगीचं पाऊलही सुटत नाही, ज्याचं नुसतं नाव ऐकलं की चोराच्या हातातला घास हातात राहतो, असा एकच पुरुष आज हयात आहे.”

राजपालने लिहून घेतलं. “नाव घालू का?”

“नको. लोकांनी ओळखावं.”

ओळखण्याचीच तर अडचण होती. अच्युतराव वेषांतर करून गल्लीत शिरले की ओट्यावरची गुरुबाई लांबूनच ओरडायची, “अच्युतराव, आज गॅसवाले झालाव व्हय? चहा घेऊन जावा!”

चौतीस वर्षं भूमापन खात्यात जमिनी मोजून ते निवृत्त झाले आणि मोजायला काही उरलं नाही म्हणून गुप्तहेर झाले. गुन्हा कसलाही असो, आधी मोजणी. अमृतप्पाची म्हैस हरवली तेव्हा त्यांनी तिच्या खुरांमधलं अंतर इंचात काढलं. तोवर म्हैस आपल्या पायांनी घरी येऊन रवंथ करत बसली होती. आजवर सात प्रकरणं त्यांनी हाती घेतली. चार आपोआप सुटली, दोन लोकांनी आपसात मिटवली, आणि एकात अच्युतरावांना माफी मागावी लागली.

त्यांचा मदतनीस राजपाल. एकतीस वर्षं विकाराबाद-परळी मार्गावर डिझेल इंजिन चालवलेला माणूस. मागे हजार माणसं असली तर त्याला काही वाटायचं नाही. समोर चार आली की घाम फुटायचा. निवृत्तीनंतर त्याने वाचनालयातलं एक कपाट वरच्या खणापासून वाचायला घेतलं होतं, आणि जितकं वाचावं तितकी आपल्याला काही कळत नसल्याची खात्री वाढत चालली होती. कुठेही काही हरवलं की राजपालला पहिला संशय स्वतःचाच यायचा. असा माणूस गुप्तहेराच्या फार उपयोगी पडतो, कारण तो मध्ये बोलत नाही.

आठवं प्रकरण राजपालच्याच घरात घडलं.

त्याची मुलगी पंचशीला बँकेत अधिकारी होती. चौदा महिन्यांचे रविवार घालवून तिने एक डिझेल इंजिन बांधलं होतं, खेळण्यातल्या प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांचं. लेकरं ज्यांचा बंगला बांधतात आणि मोडतात, तेच ठोकळे. पण हे इंजिन बघितलं की बघणाऱ्याचा हात आपोआप कानाकडे जायचा, आता भोंगा वाजेल म्हणून. सहा आसांची चाकं, बाजूच्या जाळ्या, कडेच्या चिंचोळ्या वाटेवरचे दांडे, सगळं जिथल्या तिथे. गोंद नाही, रंग नाही, कापाकापी नाही. आइस्क्रीमच्या कोनाचे दोन तुकडे आडवे बसवून भोंगे केले होते आणि बाहुलीच्या स्वयंपाकघरातली कढई छपरावर पंखा होऊन बसली होती. अंगावर जो नंबर होता तो राजपालच्या शेवटच्या इंजिनाचा. मार्गावर विजेच्या तारा आल्या आणि ते इंजिन भंगारात गेलं. त्या दिवशी राजपाल जेवला नव्हता. पोट बिघडलंय असं त्याने सांगितलं होतं.

केबिनमध्ये नखाएवढं एक करडं हँडल होतं. पुढे ढकललं की इंजिन पुढे जाणार, मागे ओढलं की मागे. खऱ्या इंजिनाचं असतं तसंच. ते जागेवर नसेल तर आतली मोटर कितीही फिरो, चाक हलत नाही.

शनिवारी सकाळी ते जागेवर नव्हतं.

“तीनच्या गाडीनं मला कलबुर्गीला निघायचंय,” पंचशीला म्हणाली. रविवारी तिथे ठोकळ्यांच्या मॉडेलांचं प्रदर्शन होतं. “तिथं दहा फूट रुळावर चालवून दाखवावं लागतंय, काका. परका तुकडा लावला तर बाद. अन् हा तुकडा मागवला तर आठ दिवस लागतेत.”

“घाबरू नकोस. मी आलोय,” अच्युतराव म्हणाले.

“म्हणूनच घाबरलीय ती,” आतून सावित्रीबाईंचा आवाज आला. त्या राजपालच्या पत्नी. बोलणं थोडकं, पण नेमकं.

राजपालने घसा साफ केला. “अच्युतराव, काल सांजच्याला मीच बसलो होतो टेबलाशी, इंजनापुढं. एकटाच. बराच वेळ. जेवायला हाक आली म्हणून उठलो. माझाच संशय घ्या.”

अच्युतरावांनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. “राजपालराव, चोरीला धडाडी लागते. लिहा, घरमालक निर्दोष.”

राजपालने स्वतःच्या हाताने स्वतःला निर्दोष लिहिलं. त्याला जरा बरं वाटलं.

टेप निघाला. टेबल ते दार सात फूट चार इंच. टेबल ते खिडकी पाच फूट. हँडल ते गुन्हेगार, अज्ञात.

“आता विचार करा,” अच्युतराव म्हणाले. “देशातून डिझेल इंजिन कोणी हाकललं? विजेच्या इंजिनाने! मग या टेबलावरून त्याला कोण हाकलणार?”

“कोण?”

“ज्याने ठोकळ्यांचं विजेचं इंजिन बांधलंय तो. विजयेंद्र!”

राजपालने पेन थांबवलं. “विजयेंद्र तुमचा पुतण्या हाय न्हवं?”

“गुप्तहेराला नातं नसतं.”

अर्ध्या तासाने एक मीटर तपासणारा इसम विजयेंद्रच्या दारात उभा राहिला. मागे वही घेऊन राजपाल.

“काका, मिशी उलटी लागलीय,” विजयेंद्र म्हणाला. “या आत.”

हकिगत ऐकल्यावर त्याने आपली ठोकळ्यांची पेटी सरळ जमिनीवर ओतली आणि तिघे गुडघ्यांवर बसून शोधू लागले. शेवटी एक काळं हँडल निघालं. “हे जरा आखूड हाय. बसलं तर बगा. पंचशीलाचं इंजन चाललं न्हाई तर मला तरी तिथं मजा काय?”

“पाहिलंत?” बाहेर आल्यावर अच्युतराव कुजबुजले. “कसा मदत करतोय! निर्दोष माणूस इतका चांगला वागत नाही.”

काळं हँडल बसलं नाही. ते भोकातून आत पडलं आणि काढायला अर्धं छप्पर उतरवावं लागलं. बारा वाजले.

दुसरा संशय लिंगम्मावर. ती सकाळी झाडलोट करायला यायची. अच्युतरावांनी केराचं टोपलं पालथं करून केराची लांबी-रुंदी घेतली.

“अय्यो, काय करायलाव हो अण्णा?” लिंगम्मा कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “झाडलेलं घर हाय माझं!”

“सकाळी केरात काय काय सापडलं?”

“माझ्यावर आळ घेताव व्हय? मागल्या दिवाळीला तुमचा दात केरात गेलता, तो धुऊन कुणी आणून दिला? दात परत देणारी बाई तुमचं ते प्लॅस्टिक ठेवून घेईल?”

अच्युतरावांनी जिभेने दात चाचपला आणि राजपालला खूण केली. “लिहा, साक्षीदार विश्वासू.”

एक वाजला. चुलीवरचं कालवण झालं, पण कोणी जेवायला उठेना. अच्युतराव डोळे मिटून बसले. थोड्या वेळाने त्यांनी डोळे उघडले, तेव्हा त्यांत असं काही तेज होतं की राजपालने पेनाला टोपण लावलं. मागच्या वेळी हे तेज आलं तेव्हाच माफी मागावी लागली होती.

“गुन्हेगार याच खोलीत आहे,” ते म्हणाले. “हँडल पंचशीलाने स्वतः लपवलंय. हरण्याची भीती! इंजिन गेलंच नाही, तर हरणार कसं?”

पंचशीला छपराचे तुकडे बसवत होती. तिचे हात थांबले.

“काका, हरायची भीती मला न्हाई,” ती म्हणाली. “बक्षीस मिळो न मिळो. चौदा महिने झाले, हे इंजन अप्पांसाठी बांधायलेय. पयल्यांदा दाखवलं तर म्हणाले, भोंगा जरा पुढं पाहिजे. पुढं घेतला. मग म्हणाले, चाकाखाली सोडायच्या वाळूच्या पेटीचं झाकण उंच झालं. खाली घेतलं. मग म्हणाले, ‘हां.’ तवापासून नुसतं ‘हां’. अप्पांना हे लेकराचं खेळणंच वाटतंय. रुळावर चालताना बघितलं असतं, तर वाटलं होतं…” पुढचं तिने छपरात दाबून बसवलं.

राजपाल वहीकडे बघत राहिला. त्याला बोलायचं होतं. पण त्याचे शब्द नेहमी असेच. लांबून जोरात यायचे आणि ठेसन दिसत असताना आउटरला उभे राहायचे. सिग्नल काही मिळायचा नाही. शिवाय खोड जुनी. प्रत्येक फेरीनंतर इंजिन सोडताना त्यातले बिघाड वहीत लिहून द्यायचे असत, आणि एकतीस वर्षांत राजपालने एकदाही तो रकाना कोरा सोडला नव्हता. ब्रेक सैल, वाळू कमी, काच हलते. ज्या इंजिनावर जीव, त्याच्या तक्रारी जास्त. हे लेकीला कसं सांगायचं?

“गुन्हेगाराच्या डोळ्यांत पाणी,” अच्युतराव हळूच म्हणाले. “लिहा.”

“न्हाई लिहिणार,” राजपाल म्हणाला.

इतक्या दिवसांतलं त्याचं हे पहिलं ‘न्हाई’. अच्युतराव इतके दचकले की टेप सर्रकन आत गेला.

तेवढ्यात मागच्या दारातून सावित्रीबाई आल्या. एका हातात राजपालचा कालचा सदरा, दुसरा हात मुठीत.

“हे काय हाय?” त्यांनी मूठ उघडली.

तळहातावर नखाएवढं करडं हँडल.

“कुठे सापडलं?” अच्युतराव उडी मारून उठले. “किती फुटांवर?”

“ह्यांच्या सदऱ्याच्या डाव्या खिशात. भिजवायच्या आधी खिसे बघते मी, एकतीस वर्षं झाली.” मग नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, “हे कामून काढलाव?”

राजपालचा हात डाव्या खिशाकडे गेला. आणि त्याला कालची सांज आठवली. तो बसला होता, केबिनमध्ये डोकावत होता, किती वेळ कोण जाणे. मग हाक आली. मग तो उठला, उठण्याआधी…

“इंजन सोडून जाताना हँडल काढून खिशात घालायचं असतंय,” तो हळू म्हणाला. “न्हाईतर कुणीबी चढून चालवील. नियमच हाय तसा.”

“अहो, पण हे ठोकळ्यांचं हाय!” सावित्रीबाई म्हणाल्या. “एकदा खरं हँडल घरला आणलं होतं, तवा इंजनच्या शेडातला माणूस सायकलवर न्यायला आलता. आता ह्याच्यासाठी कोण येणार होतं?”

“ठोकळ्यांचं हाय,” राजपाल म्हणाला, “हे काल सांजच्याला ध्यानातच राहिलं न्हाई बग.”

 पंचशीला बापाकडे बघत होती. मग ती हसली, आणि हसतानाच तिने ओढणीने नाक पुसलं.

“मला पहिल्यापासून हाच संशय होता,” अच्युतराव म्हणाले.

“तुम्हीच निर्दोष लिहायला लावलाव,” राजपालने पान दाखवलं.

“गुन्हेगाराला गाफील ठेवण्यासाठी.”

पंचशीलाने हँडलसाठी हात पुढे केला. पण राजपालने ते दिलं नाही. “असं नसतंय. इंजनचा चार्ज लिहून द्यावा लागतोय.”

त्याने अच्युतरावांच्या वहीचं कोरं पान काढलं. वही भूमापन खात्यातली जुनी. रकाने छापलेले होते, हद्द, खुणा, कब्जेदार. राजपालने वर इंजिनाचा नंबर लिहिला, तारीख लिहिली, वेळ लिहिली, एक वाजून चाळीस मिनिटं. त्याखाली लिहिलं, ‘बिघाड’, आणि पेन तिथेच थांबलं. त्याने इंजिन पुढून पाहिलं, मागून पाहिलं, खाली वाकून चाकं पाहिली. पंचशीला श्वास धरून उभी होती. भोंग्याजवळ त्याची नजर जरा जास्त रेंगाळली, हे तिला दिसलं.

मग त्याने लिहिलं, ‘काही नाही.’

“घे माय,” तो म्हणाला. “हितं सही कर.”

तिने ‘कब्जेदार’ या रकान्यात सही केली आणि हँडल घेतलं. ते खटकन बसलं. इंजिन टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेलं आणि अच्युतरावांच्या टेपला अडून थांबलं.

“तीनच्या गाडीची दोन तिकिटं काढा,” सावित्रीबाई नवऱ्याला म्हणाल्या. “अन् आधी जेवा. पोट बिघडलंय म्हणून सांगू नका.”

अच्युतराव वहीतलं पान चष्म्याजवळ धरून वाचत होते. “बिघाड, काही नाही,” त्यांनी दोनदा वाचलं आणि मान वर केली. त्यांची मिशी अजून उलटीच होती. “राजपालराव, आठव्या प्रकरणात गुन्हाच घडला नाही, असा याचा अर्थ होतो. मग मी सोडवलं काय?”

“ते तुम्ही शोधून काढा,” राजपाल म्हणाला आणि हात धुवायला उठला. दोन पावलं गेल्यावर तो परत फिरला, इंजिनाशी वाकला, आणि पुन्हा उभा राहिला तेव्हा डाव्या खिशावरून हात फिरवत होता.

“अप्पा!” पंचशीला ओरडली.