दहा मीटर आणि एक चिठ्ठी

डॉक्टरांनी जन्मात कुणाची नाडी पाहिली नव्हती. तेहतीस वर्षं कारखान्याच्या दुरुस्ती खात्यात त्यांनी आजारी यंत्रं उघडून बरी केली, म्हणून लोक त्यांना डॉक्टर म्हणत, आणि त्यांना ते मनापासून आवडे. निवृत्तीनंतर फक्त घरातली उपकरणं हाताशी उरली. ती बिचारी डॉक्टर नुसते जवळ आले तरी निमूट चालू लागत.

म्हणून रविवारी सकाळी लेकीने कॉलेजातले दहा नवे मीटर नंबर टाकायला घरी आणले, तेव्हा डॉक्टरांचे हात शिवशिवायला लागले. व्होल्ट मोजणारे, खिशात मावणारे, अगदी स्वस्तातले मीटर. लेक प्रयोगशाळेची प्रमुख झाल्यानंतरची पहिली प्रात्यक्षिक परीक्षा दुसऱ्या दिवशी होती आणि बाहेरचे परीक्षक यायचे होते.

"बाबा, यांना हात लावायचा नाही," असं बजावून ती झेरॉक्स काढायला गेली.

डॉक्टरांनी हात लावला नाही, फक्त एक मीटर तपासला. नऊ व्होल्टची कोरी बॅटरी घेतली. नव्या मीटरने साडेनऊ दाखवले. मग स्वतःचा जुना मीटर काढला. त्याच्या पडद्यावर कोपऱ्यात 'परवानगीशिवाय हात लावू नये' अशी चिठ्ठी चिकटवलेली होती. त्याने साडेदहा दाखवले.

"बघ," डॉक्टर बायकोला म्हणाले, "स्वस्तातला माल. पूर्ण एक व्होल्ट खाल्ला."

"पण बॅटरीवर तर नऊ लिहिलंय."

"कोरी बॅटरी थोडं जास्तच देते."

"इतकं?"

डॉक्टरांनी पेचकस उचलला.

एका रोग्याचे स्क्रू दुसऱ्याच्यात मिसळू द्यायचे नाहीत, हा त्यांचा कारखान्यातला शिरस्ता. प्रत्येक मीटरला एक वाटी. पाठीमागचे दोन स्क्रू काढले की आत मुंगीच्या डोक्याएवढी एक फिरकी. तिला केसभर वळण दिलं, आकडा साडेदहावर आला. दुसरा मीटर उघडला, तोही साडेनऊवाला. तिसराही तसाच. सगळी खेपच आजारी म्हटल्यावर डॉक्टरांना काय हुरूप आला! जेवायच्या वेळी दहाही वाट्या अडकलेल्या होत्या, आणि बायकोने मुकाट्याने आमटी कपात वाढली.

लेक परतली. टेबलावर दहा मीटर ओळीने मांडलेले, आणि शेजारी डॉक्टर, सगळी मुलं पहिली आल्यासारखे.

"लाव कुठलाही," ते म्हणाले.

तिने एकेक करून दहाही लावले. सगळे साडेदहा. तिचा चेहरा उतरला. तिने पर्समधून अकरावा मीटर काढला. वर्गात दाखवायला तो तिने सोबत ठेवला होता. त्याने साडेनऊ दाखवले.

"हा राहिलाच की," डॉक्टरांनी हात पुढे केला. "आण, दोन मिनिटांचं काम आहे."

लेकीने तो दिला नाही. तिने जुना मीटर उचलला आणि नखाने चिठ्ठी सोलली. खाली, पडद्याच्या कोपऱ्यात, बॅटरी संपल्याची खूण होती. ती कधीपासून तिथे होती देव जाणे. मीटरची बॅटरी उतरली की तो आकडे वाढवून सांगतो, हे डॉक्टरांनीच तिला लहानपणी शिकवलं होतं. तिने टेबलावरची तीच कोरी बॅटरी उचलून जुन्या मीटरमध्ये घातली आणि दहांतल्या एकाची बॅटरी काढून ती दोन्ही मीटरने मोजली. जुना आणि अकरावा, दोघांचं आता एकमत होतं.

डॉक्टरांना फार लाज वाटली.

"उद्या परीक्षा आहे, बाबा."

"वाट्या आण," ते बायकोला म्हणाले.

"आत्ताच घासल्यात."

दहाही मीटर पुन्हा उघडले गेले.

सोमवारी संध्याकाळी लेक घरी आली ती हसतच. "परीक्षक म्हणाले, इतके स्वस्त मीटर एकमेकांशी असे तंतोतंत जुळलेले त्यांनी कुठे पाहिले नव्हते. विचारत होते, कुणी जुळवले?"

"मग?" डॉक्टर ताठ बसले.

"सांगितलं, माझ्या वडिलांनी."

डॉक्टरांनी बायकोकडे पाहिलं. छाती फुगली होती.

"किती वेळा, ते नाही सांगितलं," लेक म्हणाली.