पत्रिका दाखवा आधी

किसन मास्तरांकडे लग्नाचा बँड ठरवायला कुणी गेलं, की ते तारीख विचारत नसत, गाव विचारत नसत. हात पुढे करून म्हणायचे, "पत्रिका दाखवा आधी." मग वधूवरांच्या नावांवरून त्यांची नजर घसरत पार शेवटच्या ओळीपर्यंत यायची. तिथे 'क्लॅरोनेट : किसन मास्तर आणि पार्टी' असं छापलेलं नसलं, तर पत्रिका परत. "हे लगन बिनबाजाचं हाय. ठेवा घरी."

मग तो वरबाप तणतणत आमच्याकडे यायचा. सत्तरच्या पुढची ती वर्षं. मी मंगरूळपीरला एका छापखान्यात खिळे जुळवायला होतो. शिशाच्या एकेका अक्षराचा खिळा उचलून ओळ बांधायची, असं ते काम. छापून झालेल्या पत्रिका पुन्हा मशीनवर चढवायच्या आणि मास्तरांची ओळ टाकायची, हा सगळा ताप माझ्या बोटांना. बरं, एवढ्यावर त्यांचं समाधान होईल तर शपथ. स्वतः प्रूफ बघायला यायचे. "बारीक काहून टाकलं? जाड खिळे काय सासऱ्यासाठी ठेवले तुमी?"

जाड खिळे आमच्याकडे मोजकेच होते, ते वधूवरांच्या नावांसाठी. एकदा मी वैतागून म्हटलं, "अहो मास्तर, बँडवाल्याचं नाव पत्रिकेत कुठल्या जगात छापतात?"

झालं. मास्तरांनी टेबलावरची एक पत्रिका उचलून माझ्या नाकापुढे नाचवली. "हे पाहा. 'आपले नम्र', सतरा जन. मंग मामा. मंग हे, 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं'. कोन म्हनते हे? दीड वर्साचं पोट्टं! त्याले बोलता येत नाही, त्याचं नाव हाय. मी सकाळपासून छाती फोडून वाजवतो, माहं नाही!"

मला राग यायचा, आणि त्यांचं म्हणणं बरोबर असायचं म्हणून जास्तच यायचा.

अनसिंगच्या एका पाटलांनी मुलाच्या लग्नात 'टाकतो, टाकतो' म्हणत नाव टाकलंच नाही. पत्रिका आमच्याकडे छापलेली नव्हती, एवढं माझं नशीब. मी त्या लग्नाला पाहुणा होतो. नवरदेव घोडीवर बसला, करवल्या नटून उभ्या राहिल्या, आणि मास्तरांनी एका पाहुण्याच्या हातातली पत्रिका घेऊन खालपर्यंत वाचली. मग पार्टीला म्हणाले, "बसा." अकराही जण वाद्यं मांडीवर घेऊन रस्त्याच्या कडेला बसले.

पाटील भडकले. "बाजेवाल्याचं नाव छापलं त उद्या घोडीवाला म्हनन, माह्या घोडीचंबी छापा!"

"मेहनत तिचीबी हाय. छापा," मास्तर म्हणाले.

"चला रे, बिनबाजाचं चला!" पाटलांनी हुकूम सोडला. वऱ्हाड निघालं, पण घोडी निघेना. जन्मभर बँडच्या मागे चाललेलं ते जनावर. वाजवल्याशिवाय पाय उचलायचा असतो, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. ओढलं, ढकललं, गूळ दाखवला. मुहूर्त टळायची वेळ आली, तेव्हा पाटलांनी दात-ओठ खात माझ्या हातून पत्रिकेवर पेनानं नाव लिहवून घेतलं. मास्तरांनी ते वाचलं. "'क्लॅ'वरचा चंद्र राह्यला," म्हणाले. तो काढून दिल्यावरच क्लॅरोनेट ओठांना लागली, आणि घोडी सुरात चालू लागली.

परतताना एसटीत मी त्यांच्यावर उखडलो. "नाव, नाव काय घेऊन बसलात? तुम्हाला सगळा तालुका ओळखतो. एका ओळीसाठी एवढा तमाशा?" शब्दाला शब्द देणारा माणूस, पण क्लॅरोनेट पिशवीत घालून खिडकीकडे तोंड करून बसला. मला वाटलं, चला, जिरली एकदाची.

दोन वर्षांनी ते मुलीच्या लग्नाची पत्रिका छापायला आले. मुलगी सुलोचना, जावई विजय. मजकुराच्या अगदी शेवटी लिहिलं होतं, 'वादक : पुंजाजी, हलगी'. पुंजाजी म्हणजे मास्तरांचे वडील. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी आपला सवयीनं नावाआधी 'कै.' जुळवून मोकळा झालो.

प्रूफ बघताच मास्तर कडाडले. "माहा बाप कैलासावर कायले जाईन? कोन वयखते त्याले तिथं? आमी बौद्ध हाओत. 'कालकथित' टाका!"

"टाकतो. पण मास्तर, गेलेला माणूस वादक कसा?"

"गावातल्या येकूनयेक लगनात वाजवलं त्यानं. हौसेनं नाही, वाजवाच लागे. आन जेवाले सगळ्याच्या मांगून, उकिरड्याच्या आंगानं. धर्म घेतला तवा म्याच त्याची हलगी सोडवली. पन तोवर उमर सरली होती. 'ए, वाजव रे', हेच नाव त्याचं. माह्या मायशिवाय पुंजाजी कोनी म्हनलं नाही. नातीच्या पत्रिकेत तरी यिऊ द्या."

मला संताप आला. मी जुळवलेल्या त्या शेकडो पत्रिकांचा आला, सतरा-सतरा नम्रांचा आला, आणि एसटीत तोंड सोडणाऱ्या माझा स्वतःचाही आला. मी जाड खिळ्यांचा खण ओढला.

"जाड नका टाकू," मास्तर घाईनं म्हणाले. "बारीकच ठेवा. सगळ्याच्या मांगं उभं राह्याची सवय त्याले. येकदम पुढं आनलं त बुजन."

मी गिऱ्हाइकाचं ऐकलं नाही. नाव जाड खिळ्यांतच बसवलं. पण खणात 'ज' दोनच निघाले. दोन्ही पुंजाजीला लागले, आणि विजयचा 'ज' बारीक खिळ्यावर भागवावा लागला.

पत्रिका न्यायला मास्तर आले, तेव्हा मी भांडणाच्या तयारीनं उभा होतो. ते बराच वेळ शेवटच्या ओळीवर अंगठा फिरवत राहिले. मग नजर वर गेली.

"जावयाचा 'ज' बारीक पडला," ते म्हणाले.

"दुसऱ्या छापखान्यातून खिळा आणतो. पुन्हा छापू."

"राहू द्या," मास्तरांनी पत्रिका खिशात ठेवली. "त्याले नावानं हाक मारनारे लोक हायेत."