ल्वानल्वानचं भारदस्त नाव

मुलीचं नाव भारदस्त असावं, एवढीच माझी इच्छा होती. (माझ्या इच्छा साध्याच असतात, निस्तरायला मात्र सगळं घर लागतं.) तैवानात, आमच्या ताइनानला, नाव काढून देणारे गुरुजी चिनी अक्षरांतल्या रेघा मोजून भाग्य सांगतात. मी म्हटलं, गुरुजी, दक्षिणेची काळजी करू नका, रेघा सढळ हाताने घाला. त्यांनी घातल्या. कुंग यी-ल्वान, घरात ल्वानल्वान. अक्षरं तीनच, पण प्रत्येक अक्षर म्हणजे छपरावरच्या ड्रॅगनसकट आख्खं देऊळ; शेवटच्या अक्षराच्या तळाशी तर पक्षीसुद्धा.

ती दुसरीत असताना वर्गशिक्षिका छिउबाईंचं बोलावणं आलं. ल्वानल्वानची अक्षरं चौकटीबाहेर सांडतात, कागद फाटतो, आणि वर्ग तिसऱ्या गणितावर पोचतो तेव्हा ही अजून नावच लिहीत असते. उरलेला पेपर मधल्या सुट्टीत. खेळ बंद झाला तशी पोर रोज सकाळी पोट दुखतंय म्हणू लागली. मला फार वाईट वाटलं. बायको म्हणाली, नाव बदला. मी म्हटलं, दोष हातात असेल, नावात कसा असेल?

हात दाखवायला दवाखान्याच्या बालविभागात गेलो. तिथल्या थेरपिस्ट फानबाईंनी तिची पेन्सिलीची पकड पाहिली, मणी ओवायला लावले, धडा उतरवून घेतला. अक्षर मोत्यासारखं! मग नाव लिहायला सांगितलं आणि मोती घरंगळले.

"नाव कुणी ठेवलं?"

"मी," मी छाती काढून म्हणालो.

"मग तुम्हीच लिहून दाखवा."

मी ऐटीत खिशातून तिच्या नावाचा शिक्का काढला. (बँक असो की शाळा, तिच्या जन्मापासून मी तोच उमटवत आलोय.) बाईंनी शिक्का काढून घेतला आणि पेन्सिल पुढे केली.

आडनाव निभावलं. दुसऱ्या अक्षराला घाम फुटला. तिसऱ्याला मी शेजारच्या चौकटीत घुसलो, कागद फाडला आणि टेबलावर उतरलो.

"बाबा, खालचा पक्षी राहिला," ल्वानल्वान हळूच म्हणाली. "असू दे. मलापण नाही जमत."

मी तिथल्या तिथे नाव बदलायचं कबूल केलं.

फानबाई माझ्या पेन्सिलीच्या पकडीकडे बघतच होत्या. "हिला काही झालेलं नाही. तुम्ही मात्र दर मंगळवारी या."

"अहो, पण हा बालविभाग आहे."

"हरकत नाही. सोबत घरातलं कुणीतरी समजूतदार माणूस आणा."

"मी घेऊन येईन त्यांना," ल्वानल्वान म्हणाली.