आप्पांची फिरती चूल

आमच्या शेजारच्या आप्पांच्या घरात चूल एका जागी दोन-तीन वर्षांपलीकडे टिकत नसे. चूल हलली की शेजारचा वाटपाचा दगडी रगडा हलणार, आणि रगडा हलला की माझी पाठ धरणार. शाळेतून येऊन जरा टेकतोय तोच कुंपणावरून हाक यायची, "मास्तरांनू, वायच हात लावा!"

आप्पा चौदा वर्षं इराणात, आबादानला तेलाच्या कारखान्यात फिटर होते; त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकी, इकडे गावीच. एकावन्न साली तिकडचा गाशा गुंडाळून तारकर्लीला आले, ते तिथल्या घरांचं खूळ डोक्यात घेऊनच. "थंयच्या जुन्या घरात चूल आंगणाच्या पल्याड! धूर घरात येवचोच नाय!" झालं. काकींची चूल माडाखालच्या खोपीत गेली. पावसाळ्यात बिचाऱ्या डोक्यावर इरलं घेऊन भाताचं भांडं घरात आणायच्या.

पुढे, "थंयच्या चाळीत चूल घराक चिकटवतत," म्हणून ती मागच्या भिंतीला आली. मग, "नव्या बंगल्यात जेवणाच्या खोलयेच्या बाजूकच आसता," म्हणून माजघरात. दर खेपेला रगड्याची एक बाजू माझी आणि वर इराणचं व्याख्यान. काकी एकदाच बोलल्या, "सकाळी उठान पयली चूल सोदूची लागता, मास्तरांनू."

साठ सालानंतरची गोष्ट. आप्पांनी चूल थेट पुढच्या पडवीत घ्यायची काढली, रस्त्यावरून दिसेल अशी. मी वैतागलो. रगडा मध्येच टेकवला आणि म्हणालो, "आप्पा, पुरे झालं. इराणात पडवीत कोण रांधतं?"

काकी आत तांदूळ पाखडत होत्या. आप्पांनी आवाज खाली आणला.

"कोण नाय. इराणाचा नाव घेतला की लोक कायेक इचारणत नाय, म्हणान सांगतंय." आत सूप वाजतंय ना, याचा कानोसा घेऊन म्हणाले, "पयली खेप माझीच चूक झाली. चूल खोपीत गेली नि ही दिसभर दिसाचीच बंद झाली. चौदा वर्सां तिका पत्रातच वाचलंय, मास्तर. आता मी घराक येवनसुद्धा ती भिंतीपल्याडच. बापयमाणूस चुलीकडे जावन बसलो तर गाव हसता. पडवीत बसूक कोणाची बंदी आसा?"

मला माझ्या चिडण्याची लाज वाटली. वाकून रगडा पुन्हा धरला.

दुसऱ्या दिवशी शाळेला निघालो तर पडवीत काकी चूल फुंकत होत्या आणि शेजारी आप्पा खवणीवर बसून नारळ खवत होते. गाव हसायचं ते हसतच होतं. माझ्या पुढून चाललेले दोघे तर थांबून बघत होते.

"गो, पुरो की अजून खवू?" आप्पांनी विचारलं.

काकींनी ताटाकडे पाहिलं. खोबऱ्याचा ढीग काठाबाहेर सांडत होता.

"अजून खवा," त्या म्हणाल्या.