मेश्रामकाकांचा दुसरा नंबर

मेश्रामकाकांना ‘कसे आहात?’ विचारलं, तर तब्येतीबद्दल ते अक्षरही बोलत नाहीत. “आपण दुसरे!” म्हणतात आणि डोळे मोठे करून समोरच्याच्या तोंडाकडे बघत राहतात. दुसरे म्हणजे, येत्या वसंतात उत्तर न्यू जर्सीतल्या हायस्कूलच्या मुलींच्या लॅक्रॉस या खेळात आमच्या पार्सिपनीच्या मुली दुसऱ्या येणार.

नागपूरहून काका आमच्या शेजारी मुलाकडे राहायला आले, तेव्हा घरामागच्या मैदानावर जाळीच्या काठ्या घेऊन धावणाऱ्या मुली त्यांना दिसल्या. पोरी फुलपाखरं पकडतात, असं त्यांना वाटलं! मग चेंडू दिसला, गोल दिसला, आणि काका खेळात जे अडकले ते अडकलेच. आता रविवारी विहारात वंदना संपून खिरीचे वाडगे हातात येतात न येतात, तोच काकांचा चमचा हवेत फिरू लागतो. “टेकडीवरच्या शाळेचं काही खरं नाही. चांगल्या पोट्ट्या सगळ्या कॉलेजात गेल्या! तळ्याकाठची शाळा? कोच भारी, पण डिफेन्स कुठंय बाप्पा?” गेल्या वर्षीचं भाकीत साफ आपटलं, याची मी आठवण करून दिली. काका शांतपणे म्हणाले, “भाकीत बरोबर होतं. पोट्ट्या चुकल्या.”

यंदाचा दुसरा नंबर माझ्या मुलीच्या जिवावर होता. “आपली इरा आहे ना गोलमध्ये!” हे ते ज्याला त्याला सांगत सुटले होते. आणि इरानं तर खेळ सोडायचं ठरवलं होतं. गेल्या सीझनच्या शेवटच्या मॅचमध्ये तिच्यावर गोलांचा नुसता पाऊस पडला होता. “आय ॲम डन, आई,” एवढंच म्हणाली. काकांना हे सांगायची माझी काही छाती होईना.

तेवढ्यात कोचबाईंचा फोन आला. आवाज एकदम काळजीचा. इरा घरी नीट जेवते ना? तिचे आजोबा मैदानावर येऊन सांगून गेले म्हणे, ‘लास्ट गेम शी ईट टू मच. नेक्स्ट इयर शी विल ईट नथिंग. आय गॅरंटी!’

मी हसून हसून खाली बसले. आमच्या भाषेत गोल होत नाहीत, ते खावे लागतात, हे त्या भल्या बाईला इंग्रजीत समजावताना माझी पार वाट लागली. इरा मात्र लालबुंद. “ओ माय गॉड! ही इज नॉट इव्हन माय ग्रँडफादर!” तशीच तरातरा मैदानाकडे निघाली. मागोमाग मी.

काका नेहमीच्या बाकावर होते. खाली ज्युनियर मुलींची प्रॅक्टिस चालली होती.

“काका, आय क्विट. मी खेळणार नाही. तुमचा नंबर चेंज करा.”

ओठ हलवत काकांनी मनातल्या मनात सगळ्या टीम इकडच्या तिकडे केल्या.

“मग आपण पाचवे,” ते म्हणाले.

“दॅट्स इट? यू आर नॉट मॅड?”

“पाचवे काही वाईट नाही, बेटा.” आणि एकाएकी त्यांचा चेहरा असा फुलला, की दुसऱ्या नंबराच्या वेळीही मी तो तसा पाहिला नव्हता. “म्हणजे आता तू रिकामी! मग ये ना इथं. माझ्यापाशी बस. आपण दोघं मॅच बघू!”

इरा गोंधळली. भांडायला आलेली पोर मुकाट्यानं बाकावर टेकली. मुलगा-सून दिवसभर ऑफिसात, आणि हा माणूस अख्खा सीझन त्या बाकावर एकटा बसून असतो, हे मला रोज स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसत होतं. मी आपली त्यांच्या इंग्रजीला हसत होते.

खालची प्रॅक्टिस बघता बघता इरा पुटपुटली, “ती गोलकीपर खूप पुढे उभी राहते. शी शुड स्टेप बॅक.”

काका तिच्याकडे वळले. “मी बी हेच म्हणतो केव्हाचा,” ते म्हणाले, “पण सांगू कोणाले?”