शब्द छाटणारे सोनटक्के सर

सोनटक्के सरांनी लेकीच्या लग्नाची पत्रिका लिहून आणली ती अशी: "लेक निघाली. दारात हळदीची पावलं." बस्स. तारीख न्हाई, वेळ न्हाई, नवरदेवाचं नावसुद्धा न्हाई.

मी म्हणालो, "सर, लोकांनी यायचं कुठं?"

"ज्याला चित्र दिसलं तो येईल."

मी चौथी शिकलेला. पण नांदेडच्या छापखान्यात चाळीस वर्षं खिळे जुळवले, मला कुणी शिकवू नये. खाली तारीख, वेळ, कार्यालय मीच टाकलं. लग्नाला माणूस मावंना. सर मात्र माझ्याशी तीन महिने बोलले न्हाईत.

कॉलेजात मराठी शिकवायचे. त्या काळी यमकवाल्या कवींचा लई जोर. सरांनी चार पोरं जमवून नव्या कवितेचं सोळा पानी मासिक काढलं. छापायला माझ्याकडंच. एका पानावर दोन ओळी: "विहिरीवर ओला दोर. कुणीच न्हाई." बाकी पान कोरं. यमकवाले विचारायचे, "कागद फुकट मिळतो का रे गणपत?" सर हलले न्हाईत. पोरांच्या वह्यांत लाल पेन्सिल चालायची. "दिसतं का? दिसतं तेवढंच ठेवा. बाकी काढा." चार अंकांत मासिक बंद पडलं. आता जिल्ह्यातली शिकली-सवरली पोरं तसंच लिहून राहिलीत, अन् वाट कुणी पाडली ते एकालाही ठाऊक न्हाई.

घरातही तोच कारभार. वैनींनी नवं लुगडं नेसून विचारलं, कसं दिसतंय? तर म्हणे, "निळं."

मागल्या वर्षी काचबिंदूनं वैनींची नजर गेली. ऑपरेशनला त्या लेकीकडं लातूरला होत्या, तेवढ्यात रस्ता रुंद करायला दारातला कडूलिंब तोडला. वैनींनी हातानं लावलेला. ऑपरेशनचा गुण आला न्हाई. सर माझ्याकडं येऊन म्हणाले, "झाडाचं तिला सांगू नका, गणपतराव. डोळे गेले तेवढं बास झालं."

परवा चैत्रातल्या सकाळी मी त्यांच्या फाटकात गेलो, तर सर बोलून राहिले होते. थांबायचं नाव न्हाई.

"लिंब असा फुललाय, पानं दिसंनात. बारीक बारीक, दुधासारखा मोहर. खाली सडा पडलाय. शेजारची शेळी येऊन खाऊन राहिलीय, आता मान वर केली बघ तिनं..."

वैनी दारात खुर्चीत बसून ऐकत होत्या. मधेच म्हणाल्या, "मग वास कसा येईना हो?"

सरांनी माझ्याकडं बघितलं. उभ्या जन्मात मी कुणाशी खोटं बोललो न्हाई, याचा मला मोठा ताठा.

"वारं उलटं हाय, वैनी," मी म्हणालो. "नदीकडं चाललंय."

"भाऊजी, तुमी बी आलात व्हय?"

ऊन लागलं तसा वैनींनी पदर डोक्यावर ओढला. लिंब होता तवर त्या जागेला या वेळी कधी ऊन यायचं न्हाई.

"बरं," त्या सरांना म्हणाल्या, "वारं फिरंस्तोवर सांगत ऱ्हावा."